माती, भुसा आणि भेगा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीनंतर ऊन स्थिरावले की मातीकाम सुरू होते. यंदाच्या पत्रांत घराच्या आराखड्यापेक्षा शेतातल्या काडीकचऱ्याबद्दल जास्त विचारणा आहे : कोणता तंतू कुठे, किती आणि कसा वापरायचा. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत. टक्केवारी जिथे दिली आहे तिथे ती कोरड्या मातीच्या वजनावर धरावी. घमेल्याच्या अंदाजाने भुसा हमखास चुकतो, म्हणून एकदा तरी ताणकाट्यावर वजन करा.

प्रश्न : आमची जमीन काळी. मळणीयंत्रातला गव्हाचा भुसा भरपूर घालून कच्च्या विटा पाडल्या, तरी चौथ्या दिवशी आरपार भेगा गेल्या. भुसा आणखी वाढवावा का? (राहुरी)

उत्तर : वाढवू नका. दोष भुशात नाही, मातीत आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. आकसण्याची ही ओढ वाटून घेणे हे तंतूचे काम. त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पुष्कळ बारीक भेगा पडतात आणि वीट एकसंध राहते. ओढच फार असली तर तंतू मातीतून सरकून बाहेर येतात आणि वीट फाटते. दुसरीकडे, भुसा २ टक्क्यांच्या पुढे गेला की विटेत पोकळ्या वाढतात, कडा झडतात आणि ओझे पेलण्याची ताकद उतरते.

आधी माती तपासा. सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत चाळलेली माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू. त्यावर पुढच्या दोनेक तासांत बसतो तो पोयटा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर दिसतो तो चिकणमातीचा थर. तिन्ही थर पट्टीने मोजा. विटेसाठी चिकणमाती १५ ते २५ टक्के आणि वाळू निम्म्याच्या आसपास हवी. काळ्या मातीत चिकणमाती बहुधा ४० टक्क्यांच्या वर भरते.

दुसरी कसोटी अधिक भरवशाची. ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि ४ सेंमी खोल अशी लाकडी पेटी करा आणि तिला आतून तेलाचा हात फिरवा. विटेसाठी मळाल तितकाच घट्ट चिखल तीत ठासून भरा आणि सावलीत पूर्ण सुकू द्या. मग सगळा तुकडा एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा, मधल्या भेगाही तिच्यात येतात. फट १८ मिमीच्या वर, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या मातीला भुसा वाचवू शकत नाही. तिच्यात वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम घाला. काळ्या मातीचा एक भाग आणि मुरूम-वाळूचे दोन भाग इथून सुरुवात करा आणि पेटीत पुन्हा भरून पाहा. गावात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची फिकट माती मिळत असेल तर काळीचा नाद सोडलेला बरा. मात्र जुन्या गढीची किंवा पांढरीच्या टेकाडाची माती उकरू नका. अशा अनेक जागा पुरातत्त्वीय आहेत आणि एकदा खणल्या की गेल्या.

आता तंतू. मळणीयंत्रातून येणारा भुसा एक-दोन सेंमीचा, चेचलेला आणि धुळीने भरलेला असतो. तो गिलाव्याला उत्तम, पण विटेत भेग धरून ठेवायला फार आखूड. विटेसाठी गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा कडबाकुट्टीवर ५ ते ८ सेंमीचा कापून घ्या. प्रमाण १ ते १.५ टक्के. ३० × २० × १० सेंमीची वीट सुकल्यावर साधारण १० किलो भरते, म्हणजे १०० विटांना १० ते १५ किलो काड पुरते. वजनकाटा नसेल तर चार घमेली मातीला हलके दाबलेले एक घमेले काड ही ढोबळ मोजणी.

माती आदल्या रात्री भिजत घाला आणि काडही वेगळे भिजवा. कोरडे काड चिखलातले पाणी ओढून घेते, त्याच्याभोवती माती चिकटत नाही आणि मग काडाचे गोळे होतात. तुडवताना काड थोडे थोडे पसरत जा, एकदम ओतू नका. साचा काढल्यावर वीट बसली तर पाणी जास्त झाले आहे. विटा पहिले दोन-तीन दिवस पेंढ्याखाली झाकून ठेवा, मग कडेवर उभ्या करा. तुमच्या विटा चौथ्याच दिवशी फाटल्या, यात उन्हाचाही वाटा असणार : वरचा पापुद्रा सुकून आकसला आणि आतला गाभा ओलाच राहिला.

चार आठवड्यांनी परीक्षा घ्या. दोन टोकांना दोन विटांचा आधार देऊन मधे एक वीट आडवी ठेवा आणि ६०-७० किलो वजनाच्या माणसाला तिच्यावर उभे करा. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेविषयीचे भारतीय मानक, आयएस १३८२७, हीच कसोटी सांगते. वीट मोडली तर चिकणमाती आणि तंतू कमी पडले.

प्रश्न : भुसा ताजा वापरावा की कुजवून? गवंडी एक सांगतात, मजूर दुसरेच. (मालेगाव)

उत्तर : विटेत ताजा, गिलाव्यात कुजवलेला. दोघेही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत.

विटेत तंतूची ओढ सहन करण्याची ताकद हवी असते आणि कुजवल्याने नेमकी तीच जाते. गिलाव्यात गोष्ट उलटी. ओल्या मातीत भुसा राहिला की जिवाणू त्याचा काही भाग फोडून चिकट द्रव्ये तयार करतात, मातीचे कण सुटे होतात, चिखल लोण्यासारखा पसरतो आणि सुकलेला थर पावसाच्या शिंतोड्यांना जास्त टिकतो. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेच्या गिलाव्याच्या पद्धतीत एक घनमीटर मातीला साधारण ६० ते ६५ किलो भुसा धरतात. माती, भुसा आणि पाणी एकत्र करून खड्ड्यात ठेवा आणि एक दिवसाआड पायाने तुडवा. उन्हाळ्यात आठवडा पुरतो, थंडीत दहा-पंधरा दिवस लागतात. आंबूस वास यायला हवा आणि काडी बोटांत मऊ लागायला हवी, पण ओढल्यावर थोडा ताण द्यायला हवा. काडी विनासायास तुटत असेल तर मुरवणे जास्त झाले. मग त्यात एक टक्का ताजा बारीक भुसा मिसळून घ्या.

शेण याच टप्प्यावर, लावण्याच्या एक-दोन दिवस आधी घाला : पाच भाग चिखलाला एक भाग ताजे शेण. शेणात जनावराच्या पोटातून अर्धवट पचून आलेले अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांच्यासोबत चिकट द्रव्य असते, म्हणून गिलाव्याचा पृष्ठभाग धुळीसारखा सुटत नाही. शेण गाईचेच हवे असा आग्रह नको, म्हशीचेही चालते. खुराकावर पोसलेल्या जनावरापेक्षा कडबा आणि गवत खाणाऱ्या जनावराचे शेण मात्र सरस, कारण त्यात तंतू जास्त.

प्रश्न : उसाचे पाचट आणि गुऱ्हाळावरची चिपाडे फुकट मिळतात. विटांत घालता येतील का? एकरभर पाचट त्यात संपवायचे आहे. (शिरोळ)

उत्तर : घालता येतील, पण एकरभर पाचट संपणार नाही. १० किलोच्या ५०० विटांना ५० ते ७५ किलो पाचट पुरते आणि एकरातून तीन-चार टन निघते. बाकीचे सरीत आच्छादन म्हणून कुजवा. पाचट जाळण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

पाचटाच्या पानावर गुळगुळीत थर असतो आणि त्याला माती धरत नाही. ५ सेंमीचे तुकडे करून ताकासारख्या पातळ चिकणमातीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मग चिखलात मिसळा. चिपाडांचा त्रास वेगळा. त्यांत साखर उरलेली असते : मुंग्या येतात, बुरशी धरते आणि सिमेंट असेल तर ते नीट पकडत नाही. चिपाडे महिनाभर उघड्यावर पसरून दोन-तीनदा पाण्याने धुऊन काढा आणि वाळवा. आतला भुसभुशीत गर चाळून बाजूला करा, कारण तो फक्त पाणी पितो, ताकद देत नाही. उरलेले बाहेरचे धागे ३ ते ५ सेंमीचे कापून १ टक्क्यापर्यंत वापरा.

प्रश्न : दाबयंत्रावर ६ टक्के सिमेंट घालून मातीचे ठोकळे काढतो. त्यांत भाताचे तूस घातले तर हलके होतील ना? (तुमसर)

उत्तर : हलके होतील आणि बिघडतील. यंत्राचा दाब काढला की तूस स्प्रिंगप्रमाणे परत उसळते आणि ठोकळ्यात आडवे पापुद्रे सुटतात. शिवाय वनस्पतीतली शर्करा आणि इतर द्रव्ये सिमेंटला पकडू देत नाहीत. दाबलेल्या ठोकळ्यात वाळू-मातीचे प्रमाण आणि नेमका ओलावा हेच महत्त्वाचे. तंतू हातसाच्याच्या विटेसाठी ठेवा.

तुमच्या भागात तुसाची राख मात्र मोलाची आहे. तुसात वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी राख निघते आणि तिचा मोठा हिस्सा सिलिका असतो. तूस बेताच्या आचेवर, साधारण ७०० अंशांच्या आत जळले तर ही सिलिका चुन्याशी संयोग पावते. फार तापले तर तिचे स्फटिक होतात आणि ती मंद पडते. भातगिरणीच्या बॉयलरची काळीकुट्ट राख म्हणजे न जळालेला कोळसा जास्त, राखाडी रंगाची राख बरी. ती पिठाइतकी बारीक दळून वजनाने दोन भाग राख आणि एक भाग विरवलेला चुना असे मिश्रण करा, मग त्यात वाळू घालून मातीच्या घराच्या जोत्याचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे भरा. दळताना आणि चाळताना नाकातोंडाला मुखपट्टी हवीच, सिलिकेची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

प्रश्न : वडिलार्जित माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आहे. दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकतो, तरी गळते. आता मातीत भुसा मिसळून आणखी एक थर द्यावा म्हणतो. (औसा)

उत्तर : कृपा करून आणखी थर देऊ नका. हा प्रश्न गळतीच्या आधी वजनाचा आहे.

माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत जाते आणि अर्धा-पाऊण मीटरचा थर कधी झाला ते कळत नाही. दाबलेली माती घनमीटरला सुमारे १,६०० किलो भरते. ६० सेंमी थर म्हणजे दर चौरस मीटरला ९६० किलो, आणि ३ × ४ मीटरच्या खोलीवर साडेअकरा टन. पावसात भिजली की त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घडीव नसलेल्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवरची जड मातीची छते यांनीच माणसे गाडली. तुम्ही त्याच जिल्ह्यात राहता.

आधी छिद्र पाडून थराची जाडी मोजा. खालून तुळयांना टेकू देऊन माती थराथराने, सगळ्या छपरावरून सारखी उतरवा. एकाच बाजूची काढली तर भार तिरका होतो. तुळया आणि सर (तुळयांवरची आडवी लाकडे) भिंतीत जिथे शिरतात ती टोके सुरीने टोचून पाहा, कुजणे तिथेच सुरू होते. किलच्यांवर, म्हणजे सरांवरच्या फळकुटांवर, तुराट्यांचा घट्ट थर द्या. त्यावर ५ सेंमी जाडीचा, १ टक्का काड घातलेला चिखल. तो सुकल्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद, कडांना १५ सेंमी वर वळवलेला. त्यावर ७-८ सेंमी माती ठोकून बसवा आणि शेवटी मुरवलेल्या भुशाचा आणि शेणाचा २ सेंमी गिलावा. उतार दर मीटरला २.५ सेंमी, पन्हाळीच्या दिशेने. एकूण जाडी १५ सेंमीच्या आसपास राहते आणि त्याच खोलीवरचा भार तीन टनांच्या आत येतो.

खारी माती उपयोगी आहे, पण पातळ थरात. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होऊन छिद्रे बुजवतात, म्हणून ती पाणी रोखते. त्याच गुणामुळे ती उतारावर वाहूनही जाते. बोटभर जाडीचा थर पुरे, तोही पावसाच्या तोंडावर. छपरावर गवत उगवू देऊ नका, मुळे सुकली की त्यांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

भिंती दगडांच्या असतील तर त्यांच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड आहेत का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या. नसतील तर नुसते छप्पर हलके करून भागणार नाही.

प्रश्न : पडवीला कुडाची (कामट्या विणून माती लिंपलेली) भिंत करायची आहे. कारवी नाही, बांबू आणि नारळाचा काथ्या भरपूर आहे. (लांजा)

उत्तर : कारवी जंगलातली, वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांबूच्या कामट्या छान चालतात. पावसाळा संपल्यावर तोडलेला, तीन वर्षांच्या वरचा बांबू घ्या. कोवळ्या बांबूत साखर-पिठूळ द्रव्य जास्त, म्हणून भुंगा लवकर लागतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक आम्ल विरघळवून फाडलेल्या कामट्या त्यात आठवडाभर बुडवा आणि सावलीत वाळवा. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, तेव्हा मातीच्या आत झाकल्या जाणाऱ्या कामट्यांनाच त्याचा उपयोग.

विणीत बोटभर फट ठेवा. फट नसेल तर दोन बाजूंची माती आत एकमेकींना धरत नाही आणि पोपडे सुटतात. पहिला हात दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाच वेळी दाबायचा. चार भाग माती, एक भाग शेण, आणि त्यात ३ ते ५ सेंमीचा पेंढा किंवा काथ्याचे तुकडे. तुमची जांभ्याची लाल माती काळीसारखी फुगत नाही, त्यामुळे तंतू कमी लागतो, १ टक्का बहुधा पुरतो. पहिल्या हाताला भेगा पडल्या तर पडू द्या. तो हात पूर्ण सुकल्यावर पाणी शिंपडून दुसरा हात बारीक तुसाचा द्या.

काथ्यात काष्ठद्रव्य भरपूर असल्याने तो पेंढ्याहून कितीतरी सावकाश कुजतो. त्याचा खरा उपयोग सांध्यांवर आहे. लाकडी खांब आणि माती यांच्या सीमेवर दरवर्षी भेग पडते, तिथे काथ्याची विरळ जाळी खांबाच्या दोन्ही बाजूंना १०-१० सेंमी जाईल अशी ओल्या गिलाव्यात दाबून घ्या. नारळाच्या सोडणाचा तपकिरी भुसा मात्र घालू नका, तो ओल धरून ठेवतो.

कोकणात भिंत टिकते ती जोते आणि वळचण यांवर. जांभ्याचे जोते निदान ४५ सेंमी, छपराचा पुढावा ९० सेंमी, आणि पावसाच्या बाजूला चार महिने झावळ्यांचे झाप.

प्रश्न : भिंतीत काड घातल्यावर वाळवी येणार नाही का? (वर्धा)

उत्तर : कोरड्या भिंतीत मातीने सगळीकडून वेढलेल्या काडीला सहसा धोका नसतो. वाळवी ओल शोधत जमिनीतून येते. जोत्यावर ओलप्रतिबंधक थर द्या, भिंतीला लागून माती किंवा सरपण रचू नका, आणि जोत्याचा बाहेरचा भाग उघडा ठेवा म्हणजे वाळवीची मातीची नळी वेळीच दिसेल. कडुलिंबाचा पाला घातल्याने फार फरक पडतो असे समजून जोत्यात कसूर करू नये.

प्रश्न : वेरूळच्या लेण्यांत गिलाव्यात भांग घातली होती म्हणतात. आज वापरावी का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वेरूळच्या गिलाव्याच्या नमुन्यांत भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दौलताबादच्या नमुन्यांतही ते आढळले, अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र नाही. अजिंठ्याच्या मातीत तूस आणि इतर वनस्पतींचे तंतू आहेत आणि तिथे किडींनी गिलाव्याचे बरेच नुकसान केले आहे. वेरूळला किडींचा उपद्रव कमी, त्याचे श्रेय संशोधकांनी भांगेला दिले.

आज विनापरवाना भांग लावणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मराठवाड्यात अंबाडी आहे आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग आहे. दोन्हींचे सालीचे धागे लांब आणि चिवट. फुलोऱ्यावर कापून दहा-बारा दिवस पाण्यात सडवा, साल ओढून धुऊन वाळवा आणि २ ते ३ सेंमीचे तुकडे करा. शेवटच्या पातळ गिलाव्यात अर्धा टक्का पुरतो. तुकडे हाताने पिंजून, भुरभुरत मिसळा. लांब ठेवले तर थापीला गुंडाळतात आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो.

प्रश्न : मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला होता. तीन वर्षांत फुगून खाली आला. आता काय? (भोर)

उत्तर : माती ओलाव्याप्रमाणे थोडी फुगते-आकसते, सिमेंट तसे करत नाही. दोघांचा सांधा सुटतो, बारीक चिरेतून आत गेलेले पाणी मागे अडकते आणि भिंतीची माती मऊ होऊन सिमेंटसकट कोसळते. उरलेला सिमेंट गिलावा ठोकून काढा, सुटी माती कुंच्याने झाडा आणि भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबा. खड्डे त्याच मातीच्या चिखलाने भरा, पण एका वेळी २-३ सेंमीपेक्षा जाड थर नको. मग भिंत ओलसर करून मुरवलेल्या भुशाचा गिलावा दीड सेंमी जाडीचा द्या.

पावसाची झड लागणारी बाजू असेल तर आयएस १३८२७ मधला डांबरी उपाय आहे : १.५ किलो ८०/१०० प्रतीचे डांबर १५ ग्रॅम मेणासह वितळवा, विस्तवापासून दूर नेऊन ३०० मिलि रॉकेलमध्ये ढवळत ओता आणि हे ३० लिटर गिलाव्याच्या चिखलात मिसळा. रॉकेल विस्तवाजवळ आणू नका. बाकीच्या तीन बाजूंना शेणमातीचे सारवण पुरते, ते दरवर्षी पावसाळ्याआधी आणि दिवाळीला करावे.